अनुदान आधी, आराखडा नंतर: पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाच्या क्रीडा संकुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे शहरापासून दीड-दोन तासांवरचं हे तालुक्याचं गाव. ‘क’ वर्ग नगरपरिषद, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या आत. नदीकाठ, जुनी वेस, मारुतीच्या देवळामागची तालीम, आठवडी बाजार आणि औद्योगिक वसाहतीच्या ओढीने भोवताली उगवलेलं प्लॉटिंग. गावाचं नाव, योजनेचं नेमकं शीर्षक आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही, रकमाही ढोबळ केल्या आहेत. नगरपरिषदेला साहाय्य करणाऱ्या नियोजन गटात मी होतो.

गावात खेळ नव्हता असं नाही, खेळायला जागा नव्हती. तालमीत लाल मातीचा हौदा होता, जत्रेतल्या कुस्त्यांना आजूबाजूच्या गावांतले पैलवान येत. शाळांचे खो-खो आणि कबड्डीचे संघ तालुका पातळीवर खेळत. पहाटे राज्य मार्गाच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावत असत. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. ५० गुणांची ही चाचणी शेतमजुराच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरातल्या मुलीसाठी आयुष्याची दिशा ठरवू शकते, आणि ही मुलगी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या दिव्यांच्या उजेडात सराव करत होती. पुढे काय बांधायचं यावर जेव्हा जेव्हा वाद झाला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो रस्ता असायचा.

अडचण

राज्याकडून नगरपरिषदांना विशेष कामांसाठी मिळणाऱ्या अनुदानातून या गावाला ‘बहुउद्देशीय क्रीडा व सांस्कृतिक संकुल’ मिळू शकेल, असा निरोप आधी आला आणि प्रस्ताव मागाहून तयार झाला. मुदत जेमतेम काही आठवड्यांची होती. मग नेहमी होतं तेच झालं. शेजारच्या तालुक्याचं अंदाजपत्रक मागवलं गेलं, त्यातलं गावाचं नाव बदललं आणि बंदिस्त सभागृह, जलतरण तलाव, व्यायामशाळा, कारंज्याची बाग, आठ फुटी संरक्षक भिंत आणि प्रवेशाला कमान अशी पाच कोटींच्या आसपासची यादी वर गेली.

मंजुरी आली तीन कोटींची. रक्कम हप्त्यांनी येणार होती, आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय दुसरा सुटणार नव्हता. यादी मात्र पाच कोटींचीच राहिली.

पेच खरा इथे पडला. काय गाळायचं, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचं? इमारतीसाठी पैसे होते. ती रोज पहाटे उघडायला, झाडायला, दिवे लावायला पैसे कुठून येणार, याचा एक आकडाही प्रस्तावात नव्हता. अनुदान भांडवली खर्चाचं होतं, चालवण्याचा खर्च नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून व्हायचा होता. ते उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं.

एक साधा हिशेब मांडून पाहिला. एका फाटकावर चोवीस तास माणूस ठेवायचा तर तीन पाळ्या आणि सुट्टीचा बदली धरून चार माणसं लागतात. त्यात सफाईचे दोघे, एक लिपिक, वीजबिल आणि वर्षातून एकदा रंगरंगोटी-दुरुस्ती धरली, की तलाव वगळूनही हा आकडा नगरपरिषद सगळ्या बागांवर मिळून करत होती त्या खर्चाच्या पुढे जात होता. मुख्याधिकारी मॅडमनी तो कागद बैठकीच्या अजेंड्यात पहिल्या क्रमांकावर घेतला. बांधकामाच्या बैठकीत देखभालीचा विषय सहसा ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतो. तो वर आल्यामुळे पुढची चर्चा बदलली.

पहिला निर्णय: जागा

तीन जागा समोर होत्या.

एक होतं गावाबाहेरच्या माळावरचं गायरान. ऐसपैस, सपाट, ४०० मीटरची पूर्ण धावपट्टी बसेल इतकं. अशा धावपट्टीला तिच्या मधल्या मैदानासकट साधारण चार एकर लागतात, ती इथे सहज बसत होती. पण गायरान दुसऱ्या वापराला देण्यावर २०११ पासून कडक बंधनं आहेत. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींबाबत दिलेल्या निकालानंतर राज्यानेही शासन निर्णय काढला. परवानगीचा मार्ग महसूल खात्यातून जातो आणि तो लांबचा आहे. त्याहून मोठी अडचण अंतराची होती. संध्याकाळी साडेसहाला तीन किलोमीटर माळावर कुठली आई मुलीला एकटी पाठवेल? जुन्या सदस्यांचा कल मात्र इकडेच होता, कारण तिथे संकुल ‘मोठं’ दिसलं असतं.

दुसरी जागा नगरपरिषदेच्या जुन्या प्राथमिक शाळेचं पटांगण. अगदी गावात. पण जेमतेम एक एकर, आणि पट घटत चाललेल्या शाळेचं पटांगण काढून घेणं म्हणजे ती शाळा बंद करायलाच हातभार. हा पर्याय लवकर मागे पडला, ते योग्यच झालं.

तिसरी जागा विकास आराखड्यात ‘क्रीडांगण व बाग’ म्हणून आरक्षित, नदीकडे उतरती. साडेतीन एकरांतली पावणेतीन एकर नगरपरिषदेच्या ताब्यात होती. उरलेला पट्टा खाजगी, आणि नेमका तोच मुख्य रस्त्याला लागून. त्यामुळे आत जायला वेशीकडची अरुंद गल्ली एवढीच वाट. शिवाय जागेचा खालचा भाग निळ्या पूररेषेच्या आत. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, मोकळी मैदानं आणि बागा चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं.

निवड तिसऱ्या जागेची झाली. पूररेषेचा नियम सुरुवातीला अडथळा वाटला होता, पण जागेची मांडणी त्यानेच सोपी केली. वरच्या अंगाला उंच जोत्यावर सभागृह, खालच्या अंगाला धावपट्टी, खो-खो आणि चालण्याची वाट. गावाच्या वर धरण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये विसर्ग वाढला की खालच्या भागात पाणी शिरतं आणि ओसरताना गाळ ठेवून जातं. म्हणून धावपट्टी मुरमाची करायची ठरली. कृत्रिम पृष्ठभागाची मागणी जोरात होती, पण त्यावर गाळ बसला की सगळा खर्च वाया. मुरूम खरवडून पुन्हा पसरता येतो, रोलर फिरवला की काम भागतं.

४०० मीटरची धावपट्टी इथे बसत नव्हती. २०० मीटरची, चार पदरी, साधारण एका एकरात बसली. १६०० मीटरला आठ फेऱ्या, ८०० मीटरला चार. १०० मीटरसाठी एका बाजूची सरळ रेष दोन्ही टोकांना वाढवून घेतली, कारण सुटायला आणि थांबायलाही जागा लागते. हा बदल भरतीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका निवृत्त हवालदारांनी सुचवला. आमच्या नकाशात तो नव्हता.

दुसरा निर्णय: कोणाला विचारायचं

पहिली जनसुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात सकाळी अकराला झाली. आले ते सगळे पुरुष, आणि त्यातले बरेच पन्नाशीपुढचे. त्यांची मागणी होती ज्येष्ठांसाठी कट्टा आणि कारंजं. मागणीत गैर काही नाही. पण अकराच्या बैठकीला कामावरची माणसं, शाळेतली मुलं आणि स्वयंपाक-धुण्यात असलेल्या बायका येऊ शकत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग बैठकच लोकांकडे न्यायची ठरली. पहाटे रस्त्यावर, दुपारी बचत गटांच्या सभेत, संध्याकाळी तालमीत. बचत गटाच्या बायकांनी सांगितलेल्या तीन गोष्टींनी आराखडा हलला. व्यायामशाळेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांना हवी होती चालायला वाट, दिवे आणि कडी लागणारं स्वच्छ संडास. आणि आठ फुटी भिंत नको होती. भिंतीमुळे त्यांना आडोसा मिळेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांचं म्हणणं नेमकं उलट: भिंतीआड काय चाललंय हे रस्त्यावरून दिसलं नाही तर अंधार पडल्यावर आत कोण जाईल? भिंतीऐवजी कमरेएवढं दगडी जोतं आणि वर जाळी, असा बदल झाला. तो स्वस्तही पडला.

तालमीतला अनुभव वेगळा. संकुलात नवा आखाडा करू, असा प्रस्ताव घेऊन गेलो तर वस्तादांनी शांतपणे नाही म्हटलं. तालीम मारुतीपाशीच राहणार. तिथली माती, तिथली पहाट आणि तिथली शिस्त उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. त्यांना हवी होती तालमीच्या गळक्या छपराची दुरुस्ती, आणि अनुदानाच्या शीर्षाखाली ती बसत नव्हती. पुणे परिसराला तालमींची एवढी मोठी परंपरा आहे, मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर पेशवाईच्या अखेरीस इथेच होते, आणि आजच्या क्रीडा अनुदानात चालू तालमीचं छप्पर बदलायला जागा सापडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. छप्पर पुढे लोकवर्गणीतून झालं. संकुलात फक्त मॅट ठेवली, आणि मल्लखांबासाठी पुरेशी उंची.

तिसरा निर्णय: तलाव

सर्वांत मोठा वाद जलतरण तलावाचा.

तलावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा भावनिक म्हणून झटकता येणारा नव्हता. गावातली पोरं नदीत आणि विहिरीत पोहायला शिकतात आणि काही जीव जातात. ज्या घरात असं घडलंय, त्या घरातला माणूस बैठकीत उठून बोलला, तेव्हा कोणाला खर्चाचा विषय काढवेना.

तरी तो काढावा लागला. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात जवळपास साडेचार लाख लिटर पाणी मावतं. गाळणी यंत्रणा असली की ते रोज बदलावं लागत नाही, पण बाष्पीभवन आणि गाळणीच्या सफाईत जाणारं पाणी भरत राहावं लागतं. पंप तासन्‌तास चालवावे लागतात, क्लोरीनची मात्रा रोज तपासावी लागते, आणि जीवरक्षक नसेल तर तलाव उघडताच येत नाही. मुलींच्या वेळेला स्त्री प्रशिक्षक हवी, ती गावात नव्हती. तलावाला सर्वाधिक गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होणार, आणि त्याच महिन्यांत या गावाला दिवसाआड पाणी येतं. ज्या घरात एक दिवस नळ कोरडा आहे, त्या घराच्या घरपट्टीतून तलावाचं पाणी भरायचं, हे मुख्याधिकाऱ्यांना नगरपरिषदेच्या सभेत समजावून सांगता आलं नसतं.

तीन वाटा मांडल्या गेल्या. तलाव बांधून खाजगी ठेकेदाराला चालवायला देणं, छोटा आणि उथळ शिकाऊ तलाव करणं, किंवा तलाव पहिल्या टप्प्यातून वगळून जागा राखून ठेवणं. ठेकेदाराच्या वाटेत शुल्क ज्या घरांना परवडेल त्या घरांतली पोरं नदीत जातच नव्हती. शिकाऊ तलाव मला स्वतःला योग्य वाटत होता, पण जीवरक्षक आणि गाळणी त्यालाही चुकत नाही. तिसरी वाट मान्य झाली.

हा निर्णय पैशाच्या बाजूने बरोबर होता. नदीचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला, आणि अहवालात आम्ही तसं स्पष्ट लिहिलं. धोक्याच्या डोहापाशी फलक आणि सुट्टीच्या दिवसांत पहारा एवढंच नगरपरिषदेने केलं.

चौथा निर्णय: सभागृहाची उंची आणि निविदा

उचललेल्या अंदाजपत्रकातलं सभागृह स्लॅबचं होतं, आतली उंची पाच मीटर. अशा सभागृहात लग्न लागतं, बॅडमिंटन खेळता येत नाही. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटरचं. ते जमिनीवर सहज आखता येतं, पण शटल वर जायला नऊ मीटरच्या आसपास मोकळी उंची लागते. स्लॅब सोडून लोखंडी कैच्यांवर पत्र्याचं छत घेतलं, दोन कोर्टं बसवली आणि त्याच जागेत कबड्डीची मॅट अंथरता येईल असं केलं. पत्रा तापतो, म्हणून छताखाली उष्णतारोधक थर आणि वरच्या बाजूला हवा जायला झडपा.

प्रशासकीय मान्यता आणि निविदा यांच्यात बराच काळ गेला. आधी करोना आला. मग राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे इथल्या सदस्यांचीही मुदत संपली आणि प्रशासक आले. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव चढले. १८ जुलै २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के झाला. कराआधीची किंमत अडीच कोटी धरली तर नुसत्या कराचा फरक १५ लाख. अनुदान तेवढंच राहिलं.

याच सुमारास आणखी एक वाट दिसली. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदान मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी झाली. जमीन क्रीडा विभागाच्या समितीकडे देऊन सगळंच त्या योजनेत न्यावं, असा विचार झाला. पैसा वाढला असता, पण मंजुरीची फेरी नव्याने सुरू झाली असती आणि मैदानाच्या वेळा-शुल्क ठरवण्याचा अधिकार नगरपरिषदेच्या हातून गेला असता. हातातल्या अनुदानातून पहिला टप्पा पुरा करावा, असं प्रशासकांनी ठरवलं.

टप्पे पाडताना एकच कसोटी लावली: पुढचा हप्ता आलाच नाही तर आज जे झालंय ते वापरता येईल का? म्हणून पहिल्या हप्त्यात धावपट्टी, चालण्याची वाट, दिवे, संडास आणि जाळी, आणि सभागृह दुसऱ्यात. ठेकेदारांचा आणि काही अधिकाऱ्यांचाही आग्रह उलटा होता. सभागृहाचा पाया आधी घेतला की देयकं लवकर निघतात, खर्च मार्चअखेरपर्यंत दिसतो. पण खांब उभे राहून गंजत असलेली सभागृहं या जिल्ह्यात कोणी पाहिली नाहीत? दुसरा हप्ता खूप उशिरा आला. तोवर मैदान सुरू होतं.

चालवायचं कोणी

पूर्ण ठेका, पूर्ण नगरपरिषद आणि स्थानिक समिती या तिन्हींचं मिश्रण स्वीकारलं. मैदान आणि वाट सर्वांना मोफत, खर्च नगरपरिषदेचा. सभागृहाला तासावर शुल्क, शाळांच्या संघांना दुपारी माफी. वेळापत्रक ठरवायला समिती: दोन क्रीडाशिक्षक, बचत गटांच्या दोन प्रतिनिधी, भरतीच्या मुलांचे हवालदार सर आणि नगरपरिषदेचा लिपिक. सभागृहाचं उत्पन्न स्वतंत्र लेखाशीर्षाखाली जमा होतं. जमा किती आणि तूट किती, हे दरमहा फाटकावरच्या फलकावर लागतं. समितीची पहिली अट लग्नांना सभागृह द्यायचं नाही ही होती. प्रशासकांनी ती मान्य केली.

परिणाम

पहाटे आणि संध्याकाळी मैदान भरलेलं असतं. भरतीची मुलं रस्त्यावरून आत आली, हे मला सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. बायकांची संध्याकाळची फेरी दिवे गेले की थांबते, म्हणून दिव्यांची तक्रार समिती त्याच दिवशी नोंदवते. एका पावसाळ्यात खालच्या भागावर पाणी चढलं, गाळ काढून धावपट्टी पुन्हा तयार झाली.

सभागृहाची बाजू कमी समाधानाची आहे. शुल्कातून त्याचं वीजबिल आणि सफाई निघते, दुरुस्ती निघत नाही. बॅडमिंटनच्या वेळा नोकरदार आणि दुकानदारांनी भरल्या, मुलींच्या कबड्डी संघाला मनासारखी वेळ मिळवायला समितीत भांडावं लागलं. आणि सरकारी वापराचा प्रश्न आम्ही गृहीतच धरला नव्हता. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी होणारी मतमोजणी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर २१ डिसेंबरवर गेली. यंत्रं या सभागृहात सीलबंद होती. शालेय स्पर्धांच्या दिवसांतच तीन आठवड्यांच्या आसपास सभागृहाला कुलूप राहिलं.

पुन्हा करायचं झालं तर

बचत गटांच्या बैठका प्रस्तावाच्या आधी घ्यायला हव्यात. मंजुरीनंतर प्रत्येक बदलाला सुधारित तांत्रिक मान्यता लागते, त्यात महिने जातात. भिंत गाळून जाळी घेण्याइतक्या साध्या बदलालाही कागदांची एक फेरी झाली.

देखभालीच्या खर्चाचा तक्ता प्रस्तावासोबत सर्वसाधारण सभेच्या ठरावात घ्यावा. तो नुसता टिपणीत राहिला तर पुढच्या सदस्यांना बंधनकारक नसतो. लग्नबंदीचं तेच. प्रशासकांचा निर्णय होता, त्यामागे निवडून आलेल्या सभेचा ठराव नव्हता. नव्या सदस्यांपुढे लग्नांचे अर्ज आले आहेत, आणि तूट दाखवून ते मागणं सोपं आहे. समितीने वापराची वही आणि तूट दोन्ही सभेपुढे ठेवली आहेत.

निवडणूक आणि शिबिरांसाठी दुसरी इमारत कोणती, हे तहसील कार्यालयाशी आधीच लेखी ठरवता आलं असतं.

खाजगी पट्ट्याचं काम मात्र सर्वांत आधी हाती घ्यायला हवं होतं. आरक्षित जमीन आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. इथे मालकाची नोटीस काम चालू असतानाच आली. रुग्णवाहिका गल्लीतून आत येत नाही, त्यामुळे मोठी स्पर्धा भरवता येत नाही. मालकाचा विरोध नाही, त्याला वेळेत मोबदला हवा आहे, आणि तो मागणं रास्त आहे. पट्ट्याची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून झाली आहे. मुख्य रस्त्यावरचं फाटक त्यातूनच निघणार असल्याने ताबा मिळेपर्यंत दुसऱ्या टप्प्याची निविदा काढायची नाही, असं नगरपरिषदेने ठरवलं आहे. त्या टप्प्याच्या यादीत शिकाऊ तलाव पुन्हा आहे, या वेळी जीवरक्षकाच्या पगारासह.